घरदुरुस्ती आणि प्रतिनिधि-विचार

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु पुष्कळदां नवें घर बांधणें सोपें आणि जुनें घर दुरुस्त करणें अवघड, असा अनुभव येतो. नव्या घरांत सर्वच वस्तू नव्या. एक मिळाली नाहीं तर दुसरी घ्यावी, वेळ पडल्यास आराखडा बदलावा. जुन्या घरांत मात्र भिंत, तुळई, फरशी आणि छप्पर हीं आधींच ठरलेलीं असतात. नव्या वस्तूनें त्यांच्याशीं जुळवून घ्यावयाचें असतें. आणि नेमकी जी वस्तू जुळावयास हवी, तीच बाजारांत नसते. दुकानदार म्हणतो, “माल संपला, पुढच्या महिन्यांत बघा.” मिस्त्री म्हणतो, “त्याच्याऐवजीं हें लावूं, काय बिघडतें?” घरांत चार भाऊ आणि चार मतें, छप्पर अर्धें उतरलेलें, आणि मृग नक्षत्र पंधरा दिवसांवर आलेलें. अशा वेळीं निर्णय कोणत्या तत्त्वानें करावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

वस्तूंची टंचाई ही कांहीं आजचीच गोष्ट नव्हे. ८ मार्च १९४२ रोजीं रंगून जपान्यांच्या हातीं गेलें आणि ब्रह्मदेशचें सागवान आपल्या वखारींत येणें थांबलें. त्याच महायुद्धांत सिमेंट सरकारी नियंत्रणाखालीं गेलें. मध्यंतरींचा थोडा काळ सोडला, तर तें नियंत्रण चार तपें टिकलें. २८ फेब्रुवारी १९८२ ला तें अंशतः सैल झालें आणि १ मार्च १९८९ ला पूर्णपणें उठलें. दहा पोतीं सिमेंटाच्या परवान्यासाठीं कचेरीच्या खेपा घातलेली पिढी अजून आपल्यांत आहे. पुढें १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारनें, म्हणजे पूर्वींच्या ब्रह्मदेशानें, ओंडक्यांची निर्यातच बंद केली. २०२० च्या मार्चांत २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां ज्यांनीं उन्हाळ्याच्या भरंवशावर छपरें उतरवलीं होतीं त्यांना ना माल मिळाला, ना मजूर. कारणें दर वेळीं वेगळीं. गृहस्थापुढील प्रश्न एकच.

आपल्या वाशीम जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर मुख्य अडचण रेतीची. हा मुलूख काळ्या पाषाणाचा. गिट्टी आणि मुरूम जवळपास मिळतो, पण बांधकामाची रेती पैनगंगेसारख्या नद्यांच्या पात्रांतून यावयाची. २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें पांच हेक्टरांहून लहान क्षेत्रांतील उपशालाहि पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरविली. शिवाय १० जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत नदीपात्रांतील उपसा बंद असतो. रेती-घाटांचे लिलाव लांबले कीं रेतीचा ब्रास (शंभर घनफूट) दुर्मिळ होतो आणि महागतोहि. या निर्बंधांवर रागावण्याचें कारण नाहीं. पात्रांतील रेती पाणी धरून ठेवते आणि कांठच्या विहिरींना तें पाणी मिळतें. सगळी रेती घरांच्या भिंतींत गेली तर त्या घरांतील घागरी रिकाम्या राहतील. परंतु अडचण ती अडचणच.

आतां असा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढेंहि आला होता, आणि त्यांनीं त्याचा विचार मोठ्या बारकाईनें केला होता, हें सांगितलें तर कित्येकांना आश्चर्य वाटेल. जैमिनींच्या पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत ‘प्रतिनिधि’ या विषयाची चर्चा आहे. यज्ञाला व्रीहि, म्हणजे साळीचे तांदूळ, सांगितले. ते मिळाले नाहींत किंवा नासले, तर यज्ञ सोडून द्यावा कीं दुसरें द्रव्य घ्यावें? मीमांसकांचें उत्तर असें कीं, आरंभिलेलें कर्म सोडूं नये. नीवार, म्हणजे रानांतील देवभात, घ्यावा. पण ‘कांहींतरी घ्यावें’ एवढ्यावर ते थांबले नाहींत. प्रतिनिधि कोणता चालेल, कोणता चालणार नाहीं, कशाला प्रतिनिधिच नाहीं, आणि मूळ द्रव्य मागाहून सांपडलें तर काय करावें, याचे नियम त्यांनीं बांधून दिले. यज्ञ आणि घरदुरुस्ती यांची बरोबरी करण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु ते नियम विवेकाचे आहेत, आणि विवेक जेथें लावावा तेथें उपयोगी पडतो.

पहिला नियम सादृश्याचा. नीवार घ्यावयाचा तो व्रीहींच्या जातीचा, त्याच गुणांचा म्हणून. कोठींत सहज हाताशीं लागलें तें धान्य म्हणून नव्हे. तेव्हां वस्तु संपली असें कळतांच पहिला प्रश्न ‘दुकानांत दुसरें काय आहे?’ हा नसावा. ‘ही वस्तु येथें कोणतें काम करीत होती?’ हा असावा. रेतीचेंच घ्या. चुन्यांत किंवा सिमेंटांत ती घालतात ती कणांचा सांगाडा व्हावा, पोकळ्या भराव्या आणि आकुंचन पावतांना भेगा पडूं नयेत म्हणून. हें काम काळा दगड फोडून, चाळून, धुवून केलेली रेती करूं शकते. आय. एस. ३८३ या भारतीय मानकांतहि तिला स्थान आहे. म्हणजे सोम न मिळाल्यास पूतीक घ्यावी असें जसें शास्त्रानेंच सांगितलें, तसा हा शास्त्रोक्त प्रतिनिधि म्हणावा. २०२५ साली महाराष्ट्र सरकारनेंहि अशा कृत्रिम रेतीला उत्तेजन देणारें धोरण स्वीकारलें. मात्र सारखेपणा कोठें संपतो तें ओळखावें. नदींतील कण घासून गुळगुळीत झालेले असतात, यंत्रांतील कण कोनाचे असतात. म्हणून या रेतीला पाणी थोडें अधिक लागतें. जी रेती काँक्रीटला उत्तम, तीच गिलाव्याला भरड पडते; गिलाव्यासाठीं बारीक चाळलेली वेगळी मागवावी. अगोदर चार हात भिंतीवर गिलावा करून पाहावा, तो वाळूं द्यावा, मग सगळ्या घरासाठीं सांगावें.

दुसरा नियम निषिद्धाचा. उडीद, कोद्रव यांसारखीं धान्यें यज्ञाला वर्ज्य सांगितलीं आहेत. तीं कितीहि सारखीं असोत, प्रतिनिधि म्हणून चालत नाहींत. घराच्या कामांतहि अशीं निषिद्ध द्रव्यें आहेत. त्यांत आपल्या भागांत पहिली काळी माती. जोत्यांत भरावयास मुरूम आला नाहीं म्हणून शेजारच्या शेतांतील माती टाकण्याचा मोह होतो. ही माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते आणि फाटते. वरची फरशी कांहीं ऋतूंतच उचलली जाते. मुरूम येईपर्यंत थांबावें, पण काळी माती भरूं नये. दुसरें, गिट्टीच्या खाणीवरील चुरी. ती फोडलेल्या रेतीसारखी दिसते, स्वस्त असते, आणि ‘तीच ती’ असें सांगून विकलीहि जाते. पण तिच्यांत धूळ फार. मानकाप्रमाणें ७५ मायक्रॉनहून बारीक धूळ नैसर्गिक रेतींत शेंकडा ३ पर्यंत आणि फोडलेल्या रेतींत शेंकडा १५ पर्यंत चालते, त्यापुढें नाहीं. नेमकें माप प्रयोगशाळेंत होईल. पण घरच्या घरीं ढोबळ परीक्षा करतां येते. कांचेच्या उभ्या बरणींत मूठभर नमुना आणि पाणी घालून हलवावें आणि दोनतीन तास ठेवावें. रेती तळाशीं बसते, गाळ तिच्यावर थर धरतो. थर जाड दिसला तर गाडी परत पाठवावी. तिसरें, खारें पाणी. आपल्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाण पट्टा आहे. तेथील नातलगांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटच्या पाण्यांत क्लोराइडचें प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच मानकानें चालवून घेतलें आहे. अधिक असल्यास आंतल्या सळया गंजतात, आणि तो गंज दिसतो तेव्हां उशीर झालेला असतो.

तिसरा नियम असा कीं, कांहीं गोष्टींना प्रतिनिधिच नाहीं. देवता, अग्नि, मंत्र आणि क्रिया यांच्या जागीं दुसरें कांहीं घेतां येत नाहीं, असें मीमांसक म्हणतात. द्रव्य बदलेल, क्रिया बदलणार नाहीं. घराच्या कामांतील अशी क्रिया म्हणजे पाणी मारणें. साध्या सिमेंटाच्या कामाला निदान ७ दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल किंवा ऊन कडक व हवा कोरडी असेल तर निदान १० दिवस, ओल टिकली पाहिजे. वैशाखांत विहीर आटली, टँकर आला नाहीं, म्हणून ‘दोन दिवस मारलें तें पुरे’ असें म्हणणें म्हणजे मंत्रच गाळणें. पाणी थोडें असेल तर ओलीं पोतीं अंथरावीं, स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी कोंडावें, किंवा तें काम पुढें ढकलावें. हीच गोष्ट सळयांची. १० मि.मी.ची सळई मिळत नाहीं म्हणून ‘दोहोंच्या जागीं ८ मि.मी.च्या तीन घालूं’ असें मिस्त्री सहज म्हणतो, आणि दोहोंच्या जागीं तीन म्हटल्यावर गृहस्थालाहि आपण अधिकच देत आहों असें वाटतें. हिशेब करून पाहा: १० मि.मी.च्या दोन सळयांचा छेद सुमारे १५७ चौरस मि.मी.; ८ मि.मी.च्या तिहींचा सुमारे १५१. लोखंड कमीच पडलें! हा फेरफार इंजिनिअरनें हिशेब करून करावा. अंदाजानें मुळींच करूं नये.

चौथा नियम मला सर्वांत मार्मिक वाटतो. प्रतिनिधिहि नासला तर पुढें काय? मीमांसक म्हणतात, प्रतिनिधीसारखें द्रव्य शोधूं नका. पुन्हां मुळाकडे पाहा आणि मुळासारखें शोधा. आपल्या जुन्या वाड्यांचा नाश पुष्कळ ठिकाणीं हा नियम न पाळल्यानें झाला आहे. भिंत आंतून पांढऱ्या मातीची किंवा कच्च्या विटांची, बाहेरून चुन्याचा गिलावा. चुना घाणींत मळून देणारे कारागीर राहिले नाहींत, म्हणून सिमेंटांत चुना मिसळून गिलावा केला. एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग रेती. इतकें ठीक. पुढच्या वेळीं चुन्याचीं पोतीं मिळालीं नाहींत, तर त्या मिश्रणाला जवळचें काय, तर नुसतें सिमेंट! प्रत्येक पायरी मागल्या पायरीसारखीच दिसते, पण शेवटची पायरी मुळापासून कोसभर दूर गेलेली असते. चुन्याचा गिलावा भिंतींतील ओल बाहेर जाऊं देतो. सिमेंटाचा कठीण थर ती आंत कोंडतो. कोंडलेली ओल मातीला भुसभुशीत करते, क्षार वर येतात, आणि चार पावसाळ्यांनीं गिलावा पडतो तो भिंतीचा पदर घेऊन पडतो. मूळ द्रव्याचें काम आठवलें असतें, तर दुसऱ्या गांवाहून चुना आणवला असता, तो भिजवून मुरवला असता, किंवा तात्पुरती पांढऱ्या मातीचीच लिंपण करून ठेवली असती. ज्या बायकांनीं वर्षानुवर्षे भिंती सारवल्या, त्यांना हें ज्ञान पुस्तकावांचून होतें.

पांचवा नियम अर्थाचा, म्हणजे प्रयोजनाचा. यज्ञांत पशु बांधावयाचा खांब खैराचा सांगितला. खैर मिळाला, पण इतका बारीक कीं पशूनें हिसका देतांच मोडेल. तर काय करावें? नांवाचा खैर सोडावा आणि दुसऱ्या झाडाचें बळकट लाकूड घ्यावें; कारण द्रव्य प्रयोजनासाठीं आहे, प्रयोजन द्रव्यासाठीं नव्हे. आपल्याकडे ‘सागच पाहिजे’ असा वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो, आणि तो मुळांत चुकीचा नाहीं. पण आज त्या पैशांत जो साग मिळतो तो पुष्कळदां कोंवळ्या झाडाचा, पांढऱ्या बाहेरकाठाचा असतो. त्याला वाळवी लागते आणि तो पिळतो. अशा सागापेक्षां नीट वाळवलेला कडुनिंब माळ्याच्या कड्यांना बरा; आपल्या जुन्या घरांतून तो आहेच. बाभूळहि बळकट, मात्र ओली वापरली तर तडकते. तुळईच्या जागीं लोखंडी गर्डर घातला तर तो भार सहज पेलील. पण त्याचें टोंक मातीच्या भिंतीवर नुसतें टेकवूं नये, खालीं रुंद सपाट दगड बसवावा. नाहींतर सगळा भार वीतभर जागेवर येऊन भिंत चिरते.

सहावा प्रश्न असा: काम प्रतिनिधीवर सुरू झालें आणि मूळ द्रव्य आलें, तर? मीमांसकांचें उत्तर व्यवहारीपणाचें आहे. त्या द्रव्याचें कार्य अजून व्हावयाचें असेल तर मूळ द्रव्य घ्यावें. कार्य होऊन गेलें असेल तर तें उकरून पुन्हां करूं नये. फरशीच्या बाबतींत हें फार उपयोगी पडतें. हल्लींच्या टाइला पुष्कळशा गुजरातेंतील मोरवीहून येतात. दर खेपेच्या मालाचा रंग आणि माप यांत किंचित् फरक पडतो, म्हणून खोक्यावर खेपेचा आणि छटेचा क्रमांक असतो. एका खोलींत दोन खेपा मिसळूं नयेत. अर्धी खोली झाल्यावर पहिल्या खेपेचा माल आला नाहीं, तर नवी खेप दुसऱ्या खोलीला लावावी. जुन्या फरशीचे चार तुकडे फुटले आणि तसे कोठेंच मिळत नसले, तर कोठीच्या किंवा पलंगाखालच्या जागेंतून काढून ओसरीवर बसवावेत आणि नवे कोठींत टाकावेत. मंगळुरी कौलांचेंहि तसेंच. एका कारखान्याच्या कौलाची खांच दुसऱ्याच्या कौलांत बरोबर बसत नाहीं. १८६५ सालीं मंगळूरला पहिला कारखाना निघाल्यापासून असे अनेक कारखाने झाले आणि कित्येक बंदहि पडले. म्हणून चांगलीं जुनीं कौलें गोळा करून एका उताराला लावावीं आणि नवीं सगळीं दुसऱ्या उताराला. एकाच उतारावर मिसळल्यास पाणी गळलेंच म्हणून समजावें.

आतां एकत्र कुटुंबाचा प्रश्न. यजमानाला प्रतिनिधि नाहीं, असें मीमांसा सांगते. मिस्त्री कितीहि भला असो, ‘साहेब घरीं नव्हते म्हणून दुसरें लावलें’ हें त्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी येऊं देऊं नये. मात्र सत्रांत, जेथें अनेक यजमान असतात तेथें, एक गळाला तर दुसरा आणून संख्या पुरी करावी, असाहि निर्णय आहे. आपलें कुटुंब हें सत्रच आहे. कामाच्या आरंभींच सर्वांनीं बसून एकाला अधिकार द्यावा. तो परगांवीं गेला तर दुसरा कोण, तेंहि ठरवावें. स्वयंपाकघर, न्हाणी आणि कोठी यांतील वस्तु बदलावयाची असेल तर घरांतील बायकांना विचारल्यावांचून निर्णय होऊं नये. ओट्याच्या दगडावर रोज कोण काम करतें, हें मिस्त्रीला ठाऊक नसतें आणि आपण विसरतों.

याहून नाजूक गोष्ट अशी. टंचाईच्या वेळीं चांगला माल थोडा असतो. तो थोरल्याच्या खोलीला लागला आणि धाकट्याच्या वांट्याला ‘ऐवजीं’ आलेला माल गेला, तर त्या वेळीं कोणी बोलत नाहीं. पण दार दर पावसाळ्यांत फुगून अडकूं लागलें कीं तें शब्द दरवर्षीं आठवतात. घरें फुटलेलीं मीं पाहिलीं आहेत. कारण विचारावें तर मोठ्या जमिनीचें क्वचित्, अशा दारांखिडक्यांचेंच पुष्कळदां. म्हणून चांगला माल सर्वांच्या जागीं लावावा, म्हणजे ओसरी, माजघर आणि देवघर येथें. खोल्यांना सगळ्यांच्या सारखाच. ज्याच्या हातीं निर्णय आहे त्यानें कमी प्रतीचा माल आधीं आपल्या खोलीला घ्यावा. असें केलें तर पुढें त्याला कोणी हिशेब विचारणार नाहीं.

शेवटीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. माल दारांत येईपर्यंत जुनें पाडूं नये, हा सगळ्यांत मोठा उपाय. लाकूड, दगड, विटा आणि रेती आधीं घेऊन ठेवतां येतात. लाकूड तर तितकेंच वाळतें. रेती घेतांना ती कोरडी पाहून घ्यावी, कारण थोड्या ओलीनें ती पाव हिश्श्यापर्यंत फुगते आणि ब्रासांत तितकी कमी येते. सिमेंट मात्र शेवटीं आणावें. तीन महिने पडून राहिलें तर त्याची सुमारे पांचवा हिस्सा ताकद जाते, सहा महिन्यांत दहांपैकीं तीन हिस्से. पोत्यावर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो, तो वाचावा. टाइला आणि कौलें शेंकडा पांचदहा अधिक घेऊन माळ्यावर ठेवावीं. इसार देतांना पावतीवर जात, माप, खेपेचा क्रमांक आणि माल देण्याची तारीख लिहून घ्यावी.

आणि दुसरी गोष्ट वहीची. कोणत्या भिंतींत काय होतें, त्याच्याऐवजीं काय घातलें, केव्हां घातलें आणि कां घातलें, हें एका वहींत लिहून देवघरांत ठेवावें. प्रतिनिधि-द्रव्य भिंतींत गेलें कीं तेंच मूळ होतें असें पुढची पिढी समजते आणि त्यालाच जुळणारें शोधूं लागते. चौथ्या नियमांत सांगितलेला घोटाळा असाच सुरू होतो. चार ओळी लिहून ठेवल्या, तर पन्नास वर्षांनंतर दुरुस्ती करणाऱ्या नातवाला मुळापर्यंत पोंचतां येईल; तोहि त्या वेळीं अशाच एखाद्या न मिळणाऱ्या वस्तूच्या शोधांत असेल.